पाहुण्या कॉम्प्युटरची जागीर

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. नागपुरात त्या दिवसांत दुपारी बारा ते पाच मोमिनपुऱ्याच्या गल्ल्यांत माणूस दिसत नाही. मी कूलरसमोर पडून होतो आणि भाच्याचा फोन आला, "मामू, दोनो मशीन रुक गये. जगह नहीं बोल रहा है. मैंने थोडा साफ कर दिया, अब एक चालूच नहीं हो रहा." हे 'थोडा साफ कर दिया' ऐकले आणि मी उठून बसलो.

मोहल्ल्यातल्या एका लहानशा वाचनालयाचे काम आम्ही अंगावर घेतले होते. जुनी उर्दू पुस्तके, काही मराठी, थोडी फारसी, बरीचशी दान आलेली. त्यांची यादी चाचा वर्षानुवर्षे एका लांबलचक रजिस्टरमध्ये लिहीत आलेले. यादी ठेवण्याचे जे सॉफ्टवेअर कुणीतरी फुकट दिले होते ते फक्त विंडोज एक्सपीवर चाले. दान मिळालेला कॉम्प्युटर नवा होता, त्यावर लिनक्स टाकलेले. मी त्यावर व्हर्च्युअलबॉक्स बसवले आणि त्याच्या पोटात एक्सपीचा एक 'पाहुणा' कॉम्प्युटर तयार केला. मोहल्ल्यातली मुले लिनक्स शिकायला येत, म्हणून आणखी दोन पाहुणे केले. कॉम्प्युटरमध्ये २४० जीबीची एसएसडी. एक्सपीला मी १०० जीबी दिले आणि बाकी दोघांना ८०-८०. बेरीज २६० होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण ते कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात कुणी एवढे वापरणार नाही, असे मी गृहीत धरले. चाचांना तर मी छाती काढून म्हणालो, "अब रजिस्टर बंद कीजिए, सब मशीन में है." त्यांनी रमजान सुरू व्हायच्या सुमारास रजिस्टर बंद केले.

मुलांनी आपल्या पाहुण्यांवर सिनेमे उतरवले, सॉफ्टवेअर उतरवले. खऱ्या डिस्कवर जागा संपली आणि पाहुणे जागच्या जागी थांबले. एवढ्याने काही बिघडले नसते. जागा केली असती तर ते पुढे चालले असते. पण भाच्याला फोल्डरमध्ये कंसात आकडे-अक्षरांचे भलेमोठे नाव असलेली एक जाडजूड फाइल दिसली. शेजारी एक्सपीच्या नावाची फाइल व्यवस्थित होतीच. ही दुसरी काहीतरी फालतू आहे असे समजून त्याने ती कायमची पुसली. ती स्नॅपशॉटची फाइल होती. काम सुरू करण्याआधी मी एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता आणि त्यानंतर लिहिले गेलेले प्रत्येक अक्षर त्या विचित्र नावाच्या फाइलमध्ये जात होते. चार महिन्यांची यादी गेली. बर्डीवरच्या एका दुकानात डिस्क घेऊन गेलो तर त्याने सरळ सांगितले की साधी हार्ड डिस्क असती तर प्रयत्न केला असता, एसएसडीवरून पुसलेले आता विसरा.

मुलाला बोलण्यात अर्थ नव्हता. चूक माझी होती. ती नेमकी कुठे झाली हे शोधताना मी पाहुण्या कॉम्प्युटरांच्या डिस्कचा इतिहास वाचत गेलो आणि थेट १९६४ पर्यंत पोहोचलो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आयबीएमने सिस्टम/३६० ही कॉम्प्युटरांची मालिका जाहीर केली. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, एमआयटीच्या शेजारी, आयबीएमचे एक छोटे वैज्ञानिक केंद्र होते. तिथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस एक अजब काम हाती घेतले. एक मोठा कॉम्प्युटर अनेकांनी वापरायचा तर प्रत्येकाला त्यावर थोडा थोडा वेळ द्यायचा, ही कल्पना तोवर रुजली होती. या दोघांनी त्याहून पुढचे ठरवले. प्रत्येकाला संपूर्ण कॉम्प्युटर मिळाल्याचा आभास द्यायचा. स्वतःची मेमरी, स्वतःचा कार्ड रीडर, स्वतःचा प्रिंटर आणि स्वतःची डिस्क. या प्रणालीचे नाव सीपी-४०. ती जानेवारी १९६७ मध्ये रोजच्या कामाला लागली आणि एकाच यंत्रावर चौदा आभासी यंत्रे चालवू शकत होती. प्रत्येकाला मेमरी २५६ के. आज एखादा फोटोही एवढ्यात मावत नाही.

मेमरी आणि प्रोसेसर वाटून देणे एका अर्थाने सोपे होते. एकाचे काम थांबवले, दुसऱ्याचे सुरू केले, भेळ मिसळल्यासारखे आलटून पालटून. डिस्कचे तसे नसते. डिस्कवर लिहिलेले तिथेच राहते. रात्री यंत्र बंद केले तरी ते उद्या त्याच जागी सापडले पाहिजे आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणी त्यावर लिहिलेले चालणार नाही. शिवाय डिस्क म्हणजे तेव्हा सोन्याच्या भावाची वस्तू. आयबीएमचीच २३११ ही डिस्क १९६४ ची. कपडे धुण्याच्या मशीनएवढी पेटी, वरून झाकण उघडून आत चकत्यांचा संच बसवायचा, आणि त्यात मावायचे सव्वासात एमबी. चौदा जणांना चौदा पेट्या कोण देणार?

म्हणून त्यांनी 'मिनीडिस्क' काढली. डिस्कवरच्या चकत्या एकावर एक असतात. वाचणारे हात एका जागी थांबले की सगळ्या चकत्यांवरचे जे गोल पट्टे एकदम हाताशी येतात त्यांना मिळून सिलिंडर म्हणतात. एका खऱ्या डिस्कवरचे अमुक सिलिंडरपासून तमुक सिलिंडरपर्यंतचे एकसलग पट्टे तोडून पाहुण्याला द्यायचे आणि त्याला सांगायचे की ही तुझी डिस्क. पाहुण्याला वाटते आपली डिस्क शून्यापासून सुरू होते. यजमान मधे बसून प्रत्येक वेळी आकडा बदलून देतो. पुढे १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने हेच तंत्र बाजारात आणले, तेव्हा ३३३० नावाची शंभर एमबीची डिस्क आलेली होती. तिच्यात ४०४ सिलिंडर. एखाद्याला दहा सिलिंडर दिले की त्याला अडीच एमबी मिळाले. एका माणसाचे सगळे काम त्यात होई.

कुणाला कुठून कुठवर जागा दिली याची नोंद 'डिरेक्टरी' नावाच्या एका यादीत असे. एका ओळीत मिनीडिस्कचा क्रमांक, डिस्कचा प्रकार, सुरुवातीचे सिलिंडर, किती सिलिंडर आणि कुठल्या डिस्कवर. आपल्याकडच्या वाचकाला हे लगेच कळेल, कारण हा सातबारा आहे. आणि सातबाऱ्याचे जे दुखणे तेच इथलेही. नोंद करणाऱ्याच्या हातून आकडा चुकला, एकाचा पट्टा पन्नासाव्या सिलिंडरला संपतो आणि दुसऱ्याचा अठ्ठेचाळिसाव्याला सुरू होतो असे झाले, की दोघेही आपापल्या शेतात नांगरतात आणि एकमेकांचे पीक मोडतात. यंत्र तक्रार करत नाही. काही दिवसांनी कुणाची तरी फाइल उघडत नाही तेव्हा कळते. आपल्याकडे बांध कोरण्यावरून डोकी फुटतात, तिथे बांध कोरला गेल्याचे कळायलाही वेळ लागे. यासाठी व्हीएममध्ये 'डिस्कमॅप' नावाची एक सोय दिली होती. ती पूर्ण यादी वाचून कुठे जागा रिकामी पडली आहे आणि कुठे दोन पट्टे एकमेकांवर चढले आहेत हे छापून देई. व्हीएम सांभाळणारे लोक यादीत बदल केला की आधी ती चालवत.

याच प्रणालीत आणखी दोन गोष्टी होत्या, त्यांची नावे बदलली पण त्या आजही आपल्या लॅपटॉपवर आहेत. एक म्हणजे सर्वांच्या सामाईक वापराची डिस्क. पाहुण्यांना लागणारे मूळ सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या डिस्कवर वेगवेगळे टाकण्याऐवजी एका मिनीडिस्कवर एकदाच टाकायचे आणि ती सर्वांना केवळ वाचण्यापुरती द्यायची. दुसरी म्हणजे तात्पुरती डिस्क. काम चालू असेपर्यंत जागा तुमची, उठून गेलात की मोकळी.

भारतात हे किती पोहोचले? आयबीएमची यंत्रे आपल्याकडे साठच्या दशकात आली, रेल्वेसारख्या मोठ्या आस्थापनांनी ती घेतली. पण १९७३ चा परकीय चलनाचा कायदा आला, कंपनीतली परदेशी मालकी कमी करायची की देश सोडायचा हा प्रश्न उभा राहिला आणि १९७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेली. मागे राहिलेली यंत्रे सांभाळायचे काम सरकारी सीएमसीकडे आले. जगात ज्या काळात आभासी यंत्रे मोठ्या कचेऱ्यांत रुळत होती, त्या काळात आपल्याकडची बहुतेक पिढी त्या वळणावरून गेलीच नाही. नागपुरात १९८८ साली महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. उपग्रहाची चित्रे म्हणजे त्या काळातला सर्वांत जड डेटा, आणि तो तेव्हा टेपच्या मोठ्या रिळांवर येई. डिस्कवर तो काम करण्यापुरता उतरवायचा, काम झाले की पुसायचा. डिस्क ही मुक्कामाची जागा नव्हती, ओसरी होती.

मग पीसी आले आणि प्रश्नच संपल्यासारखा वाटला. ज्याचा त्याचा कॉम्प्युटर, ज्याची त्याची डिस्क. पाहुण्यांचे तंत्र मेनफ्रेमच्या जुन्या लोकांपुरते उरले. ते परत आले १९९८ मध्ये, कॅलिफोर्नियात. डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या तीन साथीदारांनी व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि १९९९ मध्ये साध्या पीसीवर पाहुणा कॉम्प्युटर चालवणारे सॉफ्टवेअर विकायला आणले. त्याआधी मॅकवर विंडोज चालवणारे व्हर्च्युअल पीसी होते, पुढे ते मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये घेतले. २००३ हेच वर्ष इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या 'झेन'चे. दोन केंब्रिज, मधे अटलांटिक आणि जवळजवळ चाळीस वर्षे. हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. त्याच वर्षी फ्रान्सच्या फाब्रिस बेलार या एकट्या माणसाने क्यूईएमयू जगासमोर ठेवले. त्यानंतर आवी किविटी यांचे केव्हीएम २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या कर्नलमध्येच आले. ज्या व्हर्च्युअलबॉक्सवर माझी फजिती झाली तेही २००७ च्या जानेवारीत मुक्त झाले. जर्मनीच्या इनोटेकने ते केले होते, पुढे ते सनकडे आणि सनबरोबर ओरॅकलकडे गेले.

या सर्वांनी डिस्कच्या बाबतीत आयबीएमपेक्षा एक वेगळा मार्ग धरला. पीसीवर कुणी खऱ्या डिस्कचे पट्टे तोडून देत बसत नाही. पाहुण्याची डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक फाइल. पाहुण्याला वाटते आपण डिस्कच्या अमुक जागी लिहितो आहोत, प्रत्यक्षात यजमान ते फाइलमधल्या तेवढ्याच अंतरावर लिहितो. याचे फायदे डोळ्यांना दिसतात. फाइल उचलली आणि दुसऱ्या यंत्रावर ठेवली की अख्खा कॉम्प्युटर तिकडे गेला. तोटेही होते. जुन्या फाइल सिस्टमवर एक फाइल दोन किंवा चार जीबीपेक्षा मोठी होत नसे, म्हणून व्हीएमवेअर एका डिस्कचे दोन-दोन जीबीचे तुकडे करून ठेवण्याची सोय देई. ती सोय पुढेही राहिली आणि कित्येकांना ती कशासाठी आहे हे आता माहीत नाही.

फाइल आली तशी आणखी एक गोष्ट आली. शंभर जीबीची डिस्क द्यायची म्हणून शंभर जीबीची फाइल आधीच का भरून ठेवायची? युनिक्समध्ये सुरुवातीपासून पोकळ फाइल बनवता येते. तिची लांबी मोठी दिसते, पण जिथे काही लिहिलेलेच नाही तिथे डिस्कवर जागा लागत नाही. बेलार यांच्या क्यूकाऊ आणि नंतरच्या क्यूकाऊ-२ या फाइलप्रकारांनी, व्हीएमवेअरच्या व्हीएमडीके आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय फाइलने हे आणखी नीट केले. पाहुणा जसजसा लिहील तसतशी फाइल वाढते. क्यूकाऊच्या नावातला 'काऊ' म्हणजे गाय नव्हे. 'लिहायची वेळ आली की तेवढ्यापुरती प्रत करायची' या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. मूळ फाइलला हात लावायचा नाही, बदल तेवढे वरच्या दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचे. आयबीएमच्या सामाईक डिस्कचाच हा अवतार. स्नॅपशॉट याच युक्तीवर चालतो आणि माझी चार महिन्यांची यादी याच वरच्या फाइलमध्ये होती.

मोठ्या कंपन्यांत हाच प्रकार 'थिन प्रोव्हिजनिंग' नावाने गाजला. थ्रीपार या कंपनीने दोन हजारनंतरच्या काळात त्याचा मोठा गवगवा केला. शंभर विभागांना मिळून हजार टीबी देऊ केले आहेत असे कागदावर दाखवायचे, प्रत्यक्ष दोनशेच विकत घ्यायचे आणि भरत येईल तशी भर घालायची. हे फसवणे नाही. सगळे पाहुणे एकाच दिवशी ताट मागत नाहीत, हा अनुभवाचा हिशेब आहे. पण कुणीतरी रोज मुदपाकखान्यात डोकावून पाहायला लागते.

दख्खनच्या इतिहासात रस असलेल्या वाचकांना एव्हाना काहीतरी ओळखीचे वाटत असेल. मुघल कारभारात मनसबदाराला पगाराऐवजी जागीर मिळे. त्या जागिरीचा कागदावरचा महसूल म्हणजे 'जमा' आणि प्रत्यक्षात हाती येणारा तो 'हासिल'. शाहजहानच्या काळापर्यंत या दोन्हींत एवढे अंतर पडले की जागिरी महिन्यांच्या मापाने मोजायला लागले. कागदावर वर्षाचे उत्पन्न, पण वसूल निम्माच होतो म्हणून ती सहामाही. दख्खनेत तर चौमाहीवरही भागवावे लागे. ज्याची जागीर सहामाही त्याने घोडेही कमी ठेवावेत, असा हिशेब. म्हणजे सरकारने अंतर मान्य करून नियम केला. औरंगजेबाच्या अखेरच्या काळात विजापूर (१६८६) आणि गोवळकोंडा (१६८७) जिंकल्यावर तिथले सरदार, शिवाय मराठे सरदार, मोठ्या संख्येने मनसबीत आले. मनसब कागदावर देता येते, जमीन कागदावर वाढत नाही. लोक वर्षानुवर्षे जागिरीची वाट पाहत राहिले. या अवस्थेला 'बे-जागिरी' म्हणत. एक अनार, सौ बीमार.

एम. अथर अली यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात या टंचाईला साम्राज्याच्या संकटाचे मोठे कारण मानले. जे. एफ. रिचर्ड्स यांनी गोवळकोंड्याची कागदपत्रे तपासून वेगळे मत मांडले. त्यांच्या मते जमीन नव्हती असे नाही, बादशाहने चांगले मुलूख खालिशात, म्हणजे थेट सरकारी ताब्यात, आणि राखीव ठेवले. दोन्ही बाजूंचा वाद इथे सोडवण्याचा माझा वकूब नाही. मला रिचर्ड्स यांचे म्हणणे अधिक पटते, एवढे नोंदवतो. मात्र खालिशाबद्दल एक गंमत सांगायची आहे. लिनक्सची एक्स्ट-४ ही फाइल सिस्टम नवी बनवली की डिस्कची पाच टक्के जागा मुळात बाजूला ठेवते. सामान्य वापरकर्त्याला डिस्क भरली असे दिसते तेव्हाही ही जागा 'रूट'साठी, म्हणजे मालकासाठी, शिल्लक असते, जेणेकरून यंत्र गुदमरू नये. मला हे आधी माहीत नव्हते. त्या दुपारी रूट म्हणून आत शिरून यजमानाच्या डिस्कवर थोडी जागा मोकळी केली असती तर पाहुणे उठून चालू लागले असते.

थांबलेल्या पाहुण्यांबद्दलही एक समज दूर करायला हवा. क्यूईएमयू-केव्हीएमची रीत अशी की यजमानाकडे जागा संपली तर पाहुण्याला 'डिस्क बिघडली' असे सांगत नाहीत, त्याला आहे त्या क्षणी गोठवतात. व्हर्च्युअलबॉक्सही तेच करते. हे शहाणपणाचे आहे. पाहुण्याला चूक कळवली असती तर त्याने घाबरून अर्धवट लिहिलेले तसेच सोडले असते आणि त्याची फाइल सिस्टम खराब झाली असती. गोठलेला पाहुणा म्हणजे मेलेला पाहुणा नव्हे. त्याला जागा द्या, तो अर्ध्या वाक्यापासून पुढे बोलू लागतो. हे भाच्याला ठाऊक नव्हते, कारण मी सांगितले नव्हते.

आयबीएमच्या जुन्या मार्गाला जवळचे असे आज लिनक्समध्ये एलव्हीएम आहे. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी ते १९९८ मध्ये लिहिले. दोन-चार डिस्क एका साठ्यात ओतायच्या आणि त्या साठ्यातून हव्या तेवढ्या आकाराचे तुकडे पाहुण्यांना द्यायचे. नागपूरकरांना याचा दाखला बाहेर शोधायला नको. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवले ते बारा लहान वस्त्या एकत्र करूनच. सक्करदरा, फुटाळा, लेंढरा, सीताबर्डी ही नावे अजून रिक्षावाल्याला सांगता येतात, पण त्यांच्या मूळ हद्दी आता कुणी मोजत नाही. एलव्हीएमचा तुकडा दिला की जागा तेवढीच आणि खरी. मधे फाइल सिस्टमचा एक थर कमी होतो म्हणून वेगही थोडा बरा. मात्र फाइलसारखा तो सहज उचलून पेनड्राइव्हवर नेता येत नाही. लहान जागी, जिथे एखाद-दुसराच पाहुणा आहे, तिथे मी फाइलच पसंत करतो.

या धंद्यात महाराष्ट्राचा हात बराच आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. व्हेरिटास ही डिस्कचे साठे सांभाळणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तिचे मोठे काम पुण्यात चाले. तिथून बाहेर पडलेल्या जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोठंडरामन यांनी २००८ मध्ये पुण्यातच ड्रुवा काढली, ती डेटाच्या सुरक्षित प्रती ठेवण्याचे काम करते. रेड हॅट आणि व्हीएमवेअरची कार्यालयेही पुण्यातच थाटली गेली. नागपुरात मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल आल्या, तरी डिस्क आणि आभासी यंत्रांचे खोल काम शिकायचे तर आमची मुले अजून पुण्याची गाडी पकडतात. आणि ज्याला आपण क्लाउड म्हणतो तो दुसरे काय आहे? सरकारच्या एनआयसीने २०१४ मध्ये मेघराज सुरू केला. अशा क्लाउडवर कार्यालयांना जो 'सर्व्हर' मिळतो तो बहुधा कुणा यजमानाच्या पोटातला पाहुणाच असतो, आणि त्याची डिस्कही कुणीतरी कुठल्यातरी साठ्यातून तोडून दिलेली असते.

आता आमच्या वाचनालयाबद्दल. आम्ही १ टीबीची एक साधी हार्ड डिस्क विकत घेतली. जुन्या एसएसडीवर यजमानाचे लिनक्स ठेवले आणि तिथे पाहुण्यांना पाय ठेवू दिला नाही. एकाची भूक दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, यासाठी ही पहिली गोष्ट. नव्या डिस्कचे दोन भाग केले. मोठ्या भागावर पाहुण्यांच्या फाइली, लहान भागावर स्कॅन केलेली मुखपृष्ठे. एक्सपीला १०० जीबींची मुळात गरज नव्हती. त्याला २० दिले आणि ते आधीच पूर्ण भरून घेतलेल्या फाइलमध्ये, म्हणजे जमा आणि हासिल एकच. फाइल बनायला वेळ लागतो, चहा होतो तेवढ्यात. यादीचे काम ज्यावर चालते त्याला वाढती फाइल द्यायची नाही, असे आता ठरलेले आहे. मुलांच्या पाहुण्यांना मात्र वाढत्या फाइलीच दिल्या, कारण ते दर महिन्याला मोडून नव्याने बांधायचेच असतात. त्यांच्यासाठी एक मूळ फाइल तयार करून ती फक्त वाचता येईल अशी केली आणि प्रत्येकाला तिच्यावरची आपली फाइल दिली. मूळ फाइल चुकूनही बदलली तर वरच्या सगळ्या निकामी होतात, म्हणून तिचे नावच 'हात मत लगाना' असे ठेवले आहे. सगळ्या दिलेल्या आकड्यांची बेरीज एका कागदावर लिहून तो मॉनिटरच्या कडेला चिकटवला. सध्या ती डिस्कच्या तीन चतुर्थांशावर आहे.

स्नॅपशॉट आम्ही घेतो, पण प्रयोग करण्यापूर्वी, आणि प्रयोग झाला की त्याच दिवशी काढून टाकतो. काढायचा तोही व्हर्च्युअलबॉक्सच्या पडद्यावरून, फोल्डरमधून नव्हे. स्नॅपशॉटला प्रत समजणे ही माझी सर्वांत मोठी चूक होती. तो मूळ फाइलीच्या खांद्यावर बसलेला असतो, मूळ फाइल गेली की त्याचा उपयोग नाही. खरी प्रत म्हणजे दर जुम्याला, नमाजनंतर, एक्सपी नीट बंद करून त्याची फाइल एका बाहेरच्या डिस्कवर उतरवणे. ती डिस्क वाचनालयात ठेवत नाहीत, भाचा घरी नेतो.

गेलेल्या चार महिन्यांच्या नोंदी पुन्हा करायला पावसाळा गेला. पुस्तके कपाटात होतीच, फक्त ती पुन्हा एकेक काढायची, धूळ झटकायची, मुखपृष्ठ फाटलेले असेल तर आतून प्रकाशकाचे नाव शोधायचे. भाच्याने त्यातल्या निम्म्याहून अधिक केल्या. चाचांनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही. त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून नवे रजिस्टर आणले, रमजानच्या आदल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक पहिल्या पानावर लिहिला आणि पुढचा क्रमांक टाकला. आता नोंद आधी रजिस्टरमध्ये होते, मग मशीनमध्ये.